मूल एकटं कुठवर जाऊ शकतं?

घर घ्यायला निघालेल्या जोडप्याची यादी साधारण ठरलेली असते. शाळा कोणत्या बोर्डाची आणि फी किती, जवळचं हॉस्पिटल कोणतं, महापालिकेचं पाणी येतं की टँकर मागवावा लागतो, मेट्रोचं स्टेशन होणार म्हणतात ते नक्की कधी. बिल्डरच्या माहितीपत्रकात यातलं बरंचसं मिनिटांत छापलेलं असतं: शाळा पाच मिनिटं, मॉल दहा मिनिटं. ही मिनिटं गाडीची असतात, आणि तीही बहुधा पहाटे चारच्या रिकाम्या रस्त्यावरची. या यादीत एक प्रश्न सहसा नसतो. इथलं दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाचं बोट न धरता कुठे कुठे जाऊ शकतं? शाळेत, मैदानावर, वाण्याकडे, वाचनालयात, पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे? मुलंबाळं वाढवायला शहर चांगलं की वाईट, याचा निवाडा या एका प्रश्नाच्या उत्तरावर करावा, असं माझं म्हणणं आहे. नोकऱ्या आणि दवाखाने नसतील तर शहरात कोणी येणारच नाही, हे खरंच. पण त्यांच्या ओढीने माणसं शहरात येतात एवढंच. आल्यावर घरातल्या सगळ्यांचा दिवस कसा जातो, हे त्या मुलाला किती लांब जाता येतं यावर ठरतं.

हे नुसतं भावनिक बोलणं नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 सालची एक पाहणी 1990 मध्ये त्याच शाळांमध्ये पुन्हा केली. 1971 मध्ये सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. 1990 मध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांवर आलं. त्याच काळात मुलांकडच्या सायकली वाढल्या होत्या, पण त्या रस्त्यावर न्यायची परवानगी असलेली मुलं कमी झाली होती. यातला सर्वांत बोचरा भाग पुढे आहे. या वीस वर्षांत रस्त्यावर मरण पावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती, आणि रस्ते सुरक्षित झाल्याचा तो पुरावा म्हणून सांगितला जात होता. हिलमन यांनी दाखवून दिलं की रस्ते सुरक्षित झाले नव्हते. पालकांनी मुलंच रस्त्यावरून काढून घेतली होती. वाहतूक तेवढ्या काळात वाढलीच होती. एखाद्या चौकात एकही मूल जखमी झालं नाही म्हणून तो चौक चांगला ठरत नाही. तिथून एकही मूल एकटं जात नसेल, तर तो आकडा शून्यच राहणार. आपल्या शहरांच्या सुरक्षिततेच्या गप्पा ऐकताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मुलाचं जे जातं ते सहज दिसतं: उनाडकी, स्वतः जमवलेले सवंगडी, वाण्याने परत दिलेली मोड मोजून घेण्याची सवय. मोठ्यांचं काय जातं, त्याचा हिशेब मात्र क्वचित मांडला जातो. मूल एकटं जाऊ शकत नसेल तर त्याला कुणीतरी सोडायचं आणि कुणीतरी आणायचं. शाळा, मग क्लास, मग तबला, मग स्केटिंग. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 97. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत हेच आकडे 134 आणि 76 होते. मुलांची ने-आण या देखभालीतच येते. दुपारी साडेबाराला शाळेच्या फाटकाशी स्कूटर लावून उभ्या राहिलेल्या बायका पाहिल्या, की यातल्या किती जणींनी पूर्णवेळ नोकरीचा विचार सोडून दिला असेल असं मनात येतंच. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी रिक्षाकाका आहेत, व्हॅनवाले काका आहेत. हे काका विश्वासू असतात, मुलांची नावं, आजीआजोबांचे फोन नंबर त्यांना तोंडपाठ असतात, आणि अर्ध्या शहराचा संसार त्यांच्यावर चालतो. पण ते शहराने सोडून दिलेलं काम करत असतात. ज्या अंतराला मुलाचे पाय पुरले असते, तिथेही दर महिन्याला पैसे मोजून माणूस लावावा लागतो.

मूल एकटं जाऊ शकेल असं शहर आपल्याकडे कधी झालंच नाही, असं मात्र नाही. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, हजारो माणसं मेली, त्याहून कितीतरी जास्त शहर सोडून पळाली. दाट, कोंदट वस्ती हे रोगाचं मूळ मानून 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने गरिबांची घरं जेवढी पाडली तेवढी बांधली नाहीत, हा आरोप खरा आहे, आणि उठवलेल्यांना दादर-माटुंग्याच्या नव्या प्लॉटांवर जागा मिळाली नाही, तिथे पांढरपेशेच राहायला आले. तरीही त्या आखणीत जे साधलं ते आजही पाहण्यासारखं आहे. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीत ठेंगण्या इमारती, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, झाडांच्या सावलीतले आडरस्ते आणि त्यांच्या मधोमध पाच बागा. पश्चिमेला महापालिकेने 1925 मध्ये माहीम पार्क खुलं केलं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून 1927 मध्ये त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. सुमारे 28 एकरांचं हे मैदान आणि त्याच्या कडेने फिरणारा कट्टा. त्याच्या आसपास, मुलाला चालत जाता येईल अशा अंतरात बालमोहनसारखी शाळा, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, जिमखाना, वाचनालयं, भाजीबाजार आणि दोन्ही रेल्वेमार्गांची स्टेशनं. कट्ट्याची खुबी अशी की त्याला तिकीट नाही, वॉचमन नाही, आणि तिथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. आजोबा कट्ट्यावर बसतात, नातू मैदानात असतो, दोघांनाही एकमेकांना सांभाळायला आल्यासारखं वाटत नाही.

या अंतराचं मोल कळायला एक उदाहरण पुरेसं आहे, आणि ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फक्त आपण ते क्रिकेटची गोष्ट म्हणून ऐकतो. सचिन तेंडुलकर बांद्रा पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढला. रमाकांत आचरेकरांकडे सराव सुरू झाल्यावर त्याने त्यांच्या सांगण्यावरून शाळा बदलून दादरची शारदाश्रम घेतली. तरी बांद्र्याहून शाळा, शाळेतून मैदान, मैदानावरून परत घर यात वेळ आणि दम दोन्ही जात होते. शेवटी तो शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे मुक्कामाला गेला आणि काही वर्षं तिथेच राहिला. बांद्रा आणि दादर यांच्यात अंतर ते किती? पण घर ते मैदान हे अंतर पायी तोडण्यासारखं आहे की बसचं, याने त्याच्या दिवसातले कितीतरी तास बदलले. प्रत्येक मुलाचे काका-काकू मैदानाजवळ राहत नसतात. ते काम शहराच्या आखणीने करायचं असतं.

मग बिघडलं कुठे? मैदानं कमी झाली हे कारण नेहमी सांगतात आणि ते खोटं नाही, पण उरलेल्या मैदानापर्यंत मूल पोचत का नाही, हे बघायचं तर खाली वाकून रस्ता पाहायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरहून अधिक नको. कोणत्याही उपनगरातल्या रस्त्यावर टेप घेऊन जावं. फूटपाथ गुडघ्याएवढा उंच असतो, दर दहा पावलांवर एखाद्या सोसायटीच्या गाड्यांसाठी कापलेला उतार, मग पुन्हा चढ. मध्येच विजेचा डीपी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, आडव्या लावलेल्या दुचाक्या. मूल अर्थातच खाली उतरतं. तिथे कडेला गाड्या उभ्या. आठ वर्षांच्या मुलाची उंची सव्वाशे सेंटीमीटरच्या आसपास असते आणि हल्लीच्या मोठ्या एसयूव्हीचं बॉनेट मीटरभर उंचीवर असतं. दोन गाड्यांच्या फटीतून डोकावणारं मूल येणाऱ्या ड्रायव्हरला दिसेपर्यंत रस्त्यात आलेलं असतं. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, 30 च्या वेगाची सव्वाआठ मीटर, आणि ब्रेकवर पाय जायलाच सेकंद लागतो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 30 ऐवजी 50 असेल तर पावणेतीनपट. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते आणि साडेनऊ हजारांच्या आसपास अठरा वर्षांखालचे. हे वाचल्यावर आई मुलाला एकटं सोडत नाही यात तिचं काय चुकलं?

इथे कोणी म्हणेल की गाड्यांचं सोडा, खरी भीती माणसांची आहे, विशेषतः मुलगी असेल तर. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण ती कुठे बाळगायची, याचा थोडा विचार करायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले निघतात. म्हणजे मुलीला घरात किंवा ओळखीच्या माणसाच्या गाडीत बसवल्याने ती आपोआप सुरक्षित होते असं नाही. उरलेला धोका खरा आहे, आणि तो निर्मनुष्य रस्त्यावर वाढतो. जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये अमेरिकी शहरांबद्दल जे मांडलं ते आपल्या पेठांना आणि चाळींना आधीपासून लागू होतं: रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे सतत माणसं असल्यामुळे, दुकानदारांमुळे, खिडकीत बसलेल्या आजींमुळे. इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, मेडिकलचं दुकान, भाजीची हातगाडी असलेल्या रस्त्यावर कुठली मुलगी कोणाची हे दहा जणांना माहीत असतं. ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्लेक्सच्या दहा फुटी भिंती आहेत, तिथे कुणालाच माहीत नसतं.

याच भिंतींच्या आतल्या बाजूने दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मुलं खरोखर खेळतात. गाड्या पोडियमच्या खाली, वर हिरवळ, संध्याकाळी पन्नास मुलं सायकली फिरवताना दिसतात. सत्तरच्या दशकातल्या वाड्याच्या अंगणात याहून जास्त काय होतं? मान्य. सहा वर्षांच्या मुलासाठी हे उत्तम आहे, आणि शहराने दिलं नाही ते पालकांनी देखभाल खर्च भरून मिळवलं, त्यात त्यांना बोल लावण्याचं कारण नाही. पण मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की त्याचं जग फाटकाशी संपतं. शाळा बाहेर, क्लास बाहेर, चांगलं मैदान बाहेर, आणि बाहेर जायला पुन्हा गाडीच. आत घरकामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा त्या हिरवळीवर खेळू शकत नाही. आणि पंधराव्या वर्षापर्यंत ज्याला सायकलवर कुठे जाऊ दिलेलं नसतं, त्याच्या हातात एकदम मोपेड येते, कारण घरातली सगळी ने-आण करून थकलेली असतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड ठेवला, तरी नववी-दहावीच्या क्लासांबाहेर लागलेल्या दुचाक्या मोजाव्यात. त्या मुलांकडे दुसरा मार्ग कोणता ठेवला आहे, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

युरोपातलं इथे चालत नाही, आपल्याकडे गर्दी केवढी, हे वाक्य या चर्चेत हटकून येतं. नेदरलँड्समधले सायकलवरचे चिमुरडे फोटोत पाहून आपल्याला वाटतं की तो देश असाच जन्मला. 1971 मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यावर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. शहरांतले जुने भाग पाडून रुंद रस्ते काढायचं काम तिथेही जोरात होतं. मुलांचे खून थांबवा, अशा सरळ नावाची पालकांची चळवळ उभी राहिली, लोकांनी रस्ते अडवून मुलांना तिथे खेळायला बसवलं, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं आणि सरकारला ऐकावं लागलं. डेल्फ्ट शहरात वस्तीतले रस्ते असे बदलले होते की पूर्ण रुंदीवर पहिला हक्क चालणाऱ्याचा, गाडी आली तर माणसाच्या चालीने. 1976 मध्ये त्याला कायद्याचं रूप मिळालं. आज तिथली लोकसंख्या तेव्हापेक्षा मोठी आहे, गाड्या कितीतरी जास्त आहेत, आणि वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास असतात. स्पेनमधल्या पॉन्टेवेद्रा गावाने 1999 नंतर जुन्या भागातून जाणारी आरपार वाहतूक बंद केली; पण ते लाखाच्या आतलं गाव, त्याचा दाखला मुंबईला देऊ नये. टोकियोचा द्यावा. टोकियो अवाढव्य आहे, गल्ल्या आपल्या पेठांएवढ्या अरुंद आहेत, आणि पहिलीतली मुलं गटागटाने चालत शाळेत जातात. तिथे बऱ्याच गल्ल्यांना फूटपाथसुद्धा नाही. तरी हे जमतं, कारण 1962 पासून जपानमध्ये गाडी लावायला स्वतःची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडीची नोंद होत नाही, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. गल्ली मोकळी असते म्हणून मूल दिसतं. पुण्यात 2018 मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी पे अँड पार्कचं धोरण महापालिकेत मंजूर झालं आणि विरोधामुळे बासनात गेलं. यात गर्दीचा दोष कुठे आला?

अंतराचा आणखी एक धागा शाळेशी जातो, आणि इथे पालकांनाही थोडं अवघड बोलावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. महापालिकेच्या शाळा मुंबई-पुण्यात बहुतेक ठिकाणी या अंतरात आहेतही. ऐपत असलेली घरं त्या ओलांडून बारा किलोमीटरवरची शाळा निवडतात. सकाळी पावणेसातला पिवळी बस, संध्याकाळी चारला परत. कोणत्या शाळेत घालायचं हा आईबापांचा हक्क आहे, तो काढून घ्या असं कुणी म्हणणार नाही. पण निवड करताना दोन शाळांच्या निकालांची तुलना होते तशी मुलाच्या रोजच्या दोन तासांची व्हावी. जवळच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे वर्गमित्र त्याच्या गल्लीत राहतात. लांबच्या शाळेतला मित्र भेटवायचा तर दोन आयांना फोनवर वेळ ठरवावी लागते. आणि ज्यांचा आवाज ऐकला जातो ती घरं जवळच्या शाळेतून निघून गेल्यावर त्या शाळेच्या फाटकाबाहेरच्या रस्त्याबद्दल बोलायला कुणी उरत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा: असं शहर फक्त श्रीमंतांना परवडतं, शिवाजी पार्कचे भाव पाहा. भाव चढले आहेत ते अशा वस्त्या मोजक्या राहिल्यामुळे. बांधायला त्या महाग नव्हत्या. सिडकोने बेलापूरला ऐंशीच्या दशकात चार्ल्स कोरियांकडून आर्टिस्ट्स व्हिलेज आखून घेतलं, तेव्हा सात-सात छोट्या घरांच्या मध्ये आठ मीटर लांब-रुंद सामाईक अंगण ठेवलं, तशी तीन अंगणं मिळून पुढचं मोठं अंगण. त्यात लिफ्ट नव्हती, पोडियम नव्हतं, संगमरवरी लॉबी नव्हती. म्हाडाच्या जुन्या वसाहतींत मध्ये मैदान आणि शेजारी शाळा असायची, आणि राहणारे गिरणीत, कारकुनीत, रेल्वेत होते. आज पुनर्विकासात पहिली जाते ती हीच मधली जागा. ती वाचवणं, शाळेभोवती पाचशे मीटरपर्यंत वेग ताशी 30 वर आणणं, फाटकासमोर रस्ता फूटपाथच्या उंचीला उचलून घेणं आणि तिथली पार्किंग हटवणं, यातलं काहीच एका उड्डाणपुलाच्या खर्चाच्या जवळपास जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वापरण्याजोगा फूटपाथ हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे मागायला आधारही आहे. मागायचं कुणाकडे, हा प्रश्न मात्र बराच काळ लटकला होता: मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला, म्हणजे शाळेसमोरच्या तुटलेल्या फूटपाथसाठी ज्याच्या दारात उभं राहावं असा नगरसेवकच नव्हता. वॉर्डातले उमेदवार मतं मागायला येतात तेव्हा पाणी, कचरा आणि पार्किंग यांवर बोलणं होतं, आणि पार्किंग मागणारे पालक तेच असतात ज्यांची मुलं त्या गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडतात.